नागपुरातला एकटा नोवाक

नागपुरात नोवाक आडनावाचा एकच माणूस होता. त्याच्या दाराची पाटी मी कोरली आणि त्याच्या कबरीचा दगडही मीच कोरला. मधली तेरा-चौदा वर्षं तो माझा शेजारी होता. मी चौथी नापास. माझ्या हाताला छिन्नीची सवय, पेनाची नाही. पण माझी बायको सुगंधा गेली त्याला आता आठ महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही. एकटा बसलो की तिच्याशी करायचं राहून गेलेलं एक भांडण आठवतं, आणि ते भांडण या नोवाक साहेबावरून आहे. म्हणून लिहितो.

साहेब गोरा, पण इंग्रज नव्हे. इंग्रज म्हटलेलं त्याला खपत नसे. त्याचा देश चेकोस्लोव्हाकिया. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षभर आधी इथल्या एका मिलमध्ये माग बसवायला आला, दोन वर्षांच्या करारावर. तिकडे लढाई पेटली आणि परतीचा रस्ता बंद झाला. इथेच एका नर्सबाईशी लग्न केलं. ती मूलबाळ न होता वारली. साहेब रिटायर होईपर्यंत मिलमध्येच राहिला. तीस वर्षं कोष्ट्यांबरोबर मागावर काढली, त्यामुळे बोली एकदम नागपुरी. डोळे मिटून ऐकलं तर इतवारीतला म्हातारा बोलून राहिला असं वाटे. खाकी अर्धी चड्डी, टायरच्या चपला, चहा बशीतून. उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा.

वरच्या खिशात तेलाची कुप्पी असायची, शिलाई मशीनला असते तशी लांब चोचीची. पोस्टात जाता-येता रस्त्यावरच्या ज्या घराचं फाटक कुरकुरे, तिथे थांबायचा, बिजागरीत दोन थेंब सोडायचा, फाटक चार वेळा हलवून पाहायचा आणि पुढे चालू लागायचा. घरवाल्याला विचारणं नाही, सांगणं नाही. एकदा एका रिटायर तहसीलदारानं त्याला आपल्या फाटकाशी वाकलेला पाहिलं आणि चोर म्हणून दरडावलं. कोण पाहिजे, काय करून राहिले? साहेब म्हणाला, "कोणी नाही पाह्यजे. तुमचं फाटक रडून राह्यलं होतं." आणि गेला पुढे.

पण त्याचं स्वतःचं फाटक? ते इतकं ओरडायचं की माझ्या शेडमध्ये छिन्नीच्या आवाजातही ऐकू येई. मी एकदा म्हटलं, साहेब, साऱ्या प्रताप नगराले तेल पाजता, घरचं काहून उपाशी? तो फक्त म्हणाला, "ते वाजू दे."

प्रताप नगर तेव्हा अर्धं शेतच होतं. प्लॉट पडत होते, नोकरदार लोक घरं बांधत होते. घराला प्लास्टर व्हायच्या आधी लोक माझ्याकडे पाटी सांगायला येत. भिंत कच्ची चालेल, पण दगडावर आडनाव पाहिजे. मी गेरूनं अक्षर काढायचो, सुतळी ताणून रेघ पाहायचो, मग छिन्नी. देशमुख केले, जोशी केले, ठाकरे केले. वानखेडे तर किती केले. माझंही आडनाव वानखेडेच. माझ्या दारावर मात्र पाटी नाही. कधी लावावी वाटली नाही, त्याचं कारण पुढे येईल.

साहेबानं माझ्या शेजारचं दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात कागद घेऊन आला. कागदावर इंग्रजी पाच अक्षरं. मला इंग्रजी म्हणजे चित्रं. दोन खांब आणि मधी तिरपी दांडी, मग चाक, असं पाहून पाहून कोरायचो. मी विचारलं, अक्षर केवढं पाहिजे? तो म्हणाला रस्त्यावरून दिसलं पाहिजे. मी म्हटलं भाड्याचं घर हाये, घरमालक बोलन. तो म्हणाला, घरमालकाले मी पाहून घेतो. एकटा जीव, दोन खोल्या, आणि पाटी कमिशनरच्या बंगल्याला शोभेल एवढी. लोक हसले. मीही हसलो.

काम चालू असताना तो दगडांच्या ढिगावर बसून राहायचा. एक दिवस म्हणाला, "देवाजी, तुह्यं आडनाव कुठून आलं गा?"

मी म्हटलं, वानखेड नावाचं गाव हाये म्हणते कुठं तरी. तिथून कोणी निघालं असन. मी नाही पाह्यलं. तुमचं?

मग त्यानं सांगितलं. नोवाक म्हणजे नवा. चारशे-पाचशे वर्षांआधी त्याच्या मुलखात कोणी माणूस एका गावातून उठून दुसऱ्या गावात राहायला गेला. तिथल्या लोकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. ते म्हणत, तो नवा. तो मेला, पोरगा म्हातारा झाला, नातू मेले, तरी नवाच. आणि अशी माणसं गावोगाव गेली, म्हणून गावोगाव नोवाक झाले. आता त्या देशात हे आडनाव सगळ्यात जास्त. रस्त्यात हाक मारली तर दहा जण मागे पाहतील.

मी विचारलं, "त्या नव्याले गावात घर बांधू देलं?"

"देलं."

"विहिरीवर पाणी भरू देलं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, हो, त्यात काय?

मी म्हटलं, "मंग तो कायचा नवा, साहेब. आमी पह्यल्यापासून त्याच गावातले. आमच्या गावचा पाटीलबी वानखेडे अन् आमीबी वानखेडे. पण माह्या मायनं त्याच्या विहिरीतून कधी एक घागर नाही भरली. बाजूनं उभी राहे. कोणी वरून ओतलं तर भरे."

तीस वर्षं नागपुरात राहून त्याला हे ठाऊक नसेल असं नाही. पण एकाच आडनावाचे दोघं असे असतात, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. खूप वेळ दगडावरच्या गेरूच्या अक्षरांकडे पाहत बसला. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, पण आडनाव राहिलं. बाप म्हणे, राहू दे, ते काही आपल्या बोकांडी बसत नाही. माझ्या मात्र बसलं होतं. म्हणून दारावर पाटी नाही.

एवढी मोठी पाटी कशाला, ते नंतर कळलं.

साहेबाला एक धाकटा भाऊ होता, योसेफ. साहेब निघाला तेव्हा सतरा वर्षांचा. स्टेशनवर पोचवायला आला आणि गाडी हलल्यावर स्वतःची टोपी खिडकीतून आत फेकली, तुला तिकडे ऊन लागेल म्हणून. लोकरीची टोपी. साहेब हे सांगताना हसायचा. लढाईत जर्मनांनी त्या पोराला मजुरीला नेलं. आईचं एक पत्र आलं, योसेफ परत आला नाही म्हणून. मग आईही गेली. तेवढंच.

साहेब म्हणे, तो जिवंत असला तर त्याले एवढंच माहीत हाये की भाऊ नागपूरले गेला. तो पत्र टाकन तर "नोवाक, नागपूर" एवढंच टाकन. आणि ते पोचन, काहून की इथं दुसरा नोवाक नाही. म्हणून तो नागपूर सोडत नव्हता. म्हणून पाटी मोठी. आणि फाटकाला तेल नाही ते यासाठी, की मागल्या खोलीत असलो तरी कोणी आलं तर कळलं पाहिजे.

उलट बाजूनं मात्र गोष्ट उलटी. हा तिकडे शोधणार कुठे? योसेफ नोवाक म्हणजे आपल्याकडे रामा पाटील. मिलमध्ये नवी मशीन आली तेव्हा तिकडच्या एका इंजिनिअरकडून साहेबानं त्यांच्या राजधानीचं टेलिफोनचं पुस्तक मागवलं होतं. त्यानं मला उघडून दाखवलं. पानंच्या पानं, वरपासून खालपर्यंत तेच पाच अक्षरांचं चित्र. मी कोरलेलं चित्र मला ओळखू येत होतं. नागपुरात जे एकदाच आहे ते तिथे मुंगळ्यांसारखं पसरलेलं. मी म्हटलं, साहेब, हे म्हणजे चाळणीनं पाणी भरणं हाये.

तो भरत होता. पेन्शन झाली की पाच-सहा पत्रं. ओळीनं एकेका योसेफला. तुम्ही अमुक गावचे का? तुमच्या आईचं नाव अमुक का? तुम्ही भावाला टोपी दिली होती का? सुगंधा दुपारी जाऊन तिकिटं चिकटवून द्यायची. पोस्टाचा डिंक त्या तिकिटांना पुरायचा नाही म्हणून कणकेची खळ करून न्यायची. साहेब तिला म्हणायचा, सुगंधाबाई, तुह्या हातची तिकिटं समुद्रातबी निघत नाही.

उत्तरं यायची. सगळी नाही, पण यायची. साहेब ती आमच्या शेडमध्ये बसून मराठीत वाचून दाखवायचा. मी योसेफ नोवाक आहे, पण तुमचा नव्हे. एकानं लिहिलं, मी योसेफ आहे पण वय वर्षं नऊ, बाबाही योसेफच, फोन त्यांच्या नावचा आहे. एकानं आपल्या गावचे बाकीचे चार योसेफ कळवले. एका बाईनं लिहिलं, माझा नवरा योसेफ मागच्या महिन्यात वारला, तो तुमचा भाऊ नव्हता, पण असता तर त्याला आवडलं असतं. साहेब सगळे नकार एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, वर ती लोकरीची टोपी.

मग त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास ते पत्र आलं.

एक योसेफ होता. रेल्वेत सांधे बदलायचं काम करून रिटायर झालेला. बायको नाही, मूल नाही. त्यानं लिहिलं, मी तुमचा भाऊ नाही. पण माझाही मोठा भाऊ लढाईत हरवला आणि त्याचं नावही तुमच्यासारखंच यान नोवाक. मी वीस वर्षं शोधून थकलो. तुम्हीही थकला असाल. आता असं करू. तुम्ही मला योसेफ म्हणा, मी तुम्हाला यान म्हणतो. दोघांचंही चालून जाईल.

साहेबानं ते वाचलं आणि कागद गुडघ्यावर ठेवला. मी एका वकिलाची पाटी घासत होतो. सुगंधा चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. साहेब कधी कोणाला सल्ला विचारणारा नव्हता. त्या दिवशी विचारला.

"देवाजी, काय करू गा? सांग."

मी हात न थांबवता बोललो. म्हटलं, "नावानं कोणी भाऊ होत नाही, साहेब. लिहू नका."

तो म्हणाला, तू पक्कं म्हणतं?

मी म्हटलं, पक्कं. मी जल्मभर पाहून राह्यलो. उद्या तुमचा खरा आला तर त्याले काय सांगसान, तुह्या जागी दुसरा बसवला?

तो शेवटचा टोला बरोबर बसला. मला दिसलं बसलेला. दगडाला कुठे मारलं की फुटतो, ते मला कळतं. साहेबानं पत्राची घडी केली आणि चहा न पिता उठला. त्याचं फाटक ओरडलं तेव्हा सुगंधा माझ्याकडे वळली.

"अजी, तुमी काहून बोलले? तुमचं दुखणं तुमच्यापाशी ठेवा नं. त्याच्या गावची विहीर एकच होती."

मी तिला म्हटलं, तुले काय समजते, जाय आपल्या कामाले. ती गेली. हेच ते भांडण. तिनं ते पुढे कधी केलंच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, फिटलं असतं.

त्या सांधेवाल्याचं नाताळला आणखी एक पत्र आलं, सोबत फोटो. बर्फात उभा, हातात कंदील, टोपी नाही. मग पुढच्या नाताळला एक कार्ड. मग नाही. साहेबानं त्याला उत्तर लिहिलं नाही. बाकीच्यांना पत्रं पाठवणं त्यानं चालू ठेवलं, पण पाचाची दोन झाली, दोनाचं एक. सन ऐंशीच्या आसपास त्याचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं म्हटलं की म्हणायचा, पाहाचं काय राह्यलं? अक्षर भिंगानं पाहायचा, कागद नाकाला लावून.

त्याच दिवाळीच्या आगेमागे तो सुगंधाला म्हणाला, तिकीट लावायचं आहे. तिनं पाकीट पाहिलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चिकटवून चिकटवून पाकिटांचे चेहरे ओळखायची. घरी येऊन मला म्हणाली, साहेबानं त्या कंदीलवाल्याले लिहिलं. त्याच्या पहिल्या पत्राला सहा-सात वर्षं झाली होती.

उन्हाळा लागता लागता पाकीट परत आलं. तेच, तिच्या खळीचं तिकीट जसंच्या तसं, वर तिकडचा शिक्का आणि हातानं लिहिलेला एक शब्द. साहेबानं भिंगानं वाचलं. सुगंधा तिथेच होती. तो तिला एवढंच म्हणाला, "गेला."

आम्ही बुद्धाचे. सुतक आमच्या घरातून बापाच्या वेळीच गेलं. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं जेवण न्यायचं, हे सुगंधा माणुसकी म्हणून मानायची. तिनं तीन दिवस साहेबाकडे बेसन-भाकर नेली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, कोण मेलं वं त्याचं? तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं माझ्याजवळ अजून आहे. तिच्या साड्या पोरीनं नेल्या, भांडी सुनेनं नेली, ते पाहणं माझ्याकडे राहिलं.

तिसऱ्या दिवशी ती रिकामा डबा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "अजी, साहेबाचं फाटक वाजलं नाही."

मी गेलो. हात लावून पाहिलं. बिजागरीतून तेल ओघळून खाली मातीत काळा डाग पडला होता. दोन थेंब नव्हते, सगळी कुप्पी ओतली होती. फाटक माझ्या हाताखाली लोण्यासारखं फिरलं. मी बाप मेला तेव्हाही एवढा भ्यालो नव्हतो.

महिनाभरानं तो शेडमध्ये आला, काठी टेकत. म्हणाला, कबरीचा दगड सांगायचा आहे, माहा. जिवंतपणी दगड सांगणारे मी पाहिले होते, त्याचं काही नाही. पण त्यानं कागद दिला त्यावर दोन ओळी होत्या. दोन्हीकडे शेवटचं चित्र तेच. मी विचारलं, ही खालची कोणाची?

"योसेफची."

"तुमच्या भावाची?"

"नाही. त्याची."

मी कागद खाली ठेवला. मग म्हटलं, साहेब, मी चुकलो. आयुष्यात हा शब्द मी किती वेळा बोललो ते बोटांवर मोजता येईल.

तो म्हणाला, "नाही गा. तू खरं बोलला. नावानं भाऊ नाही होत. पण नावाबिगर दुसरं काय होतं आमच्यापाशी?"

याचं उत्तर मी पंचवीस वर्षं शोधतो आहे.

दगड काळा घेतला, पक्का. दहा-बारा दिवस लागले. झाल्यावर निरोप पाठवला. तो दिवस मला पुरता आठवतो, कारण त्यानंतर मी त्याला उठून चालताना पाहिलं नाही. पंधरा दिवसांत तो दवाखान्यात गेला आणि पावसाच्या आधी त्या दगडाखाली. दगडावर नावं दोन आहेत, खाली माणूस एक. कब्रस्तानात अजून आहे, ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.

दुपारी चारचं ऊन होतं. साहेब आला, काठी भिंतीला लावली आणि दगडासमोर मांडी घालून बसला. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोट फिरवलं. वरची ओळ भरभर, आपलं नाव कोण वाचतं. खालच्या ओळीवर थांबला. एकेक अक्षराच्या तळाशी नख घालून पाहिलं. मला म्हणाला, "हे उथळ हाये. खोल कर."

मी म्हटलं, दोन्ही सारखे हाये, साहेब, माप घेतलं.

"मले माहीत हाये. तरी खोल कर."

मी छिन्नी घेतली. तो तिथेच बसून ऐकत राहिला. छिन्नीचा आवाज कुठे बदलतो ते त्याला कळायचं. एका ठिकाणी हात वर करून बस म्हणाला. काठी चाचपून घेतली आणि उठला. मी आधार द्यायला गेलो तर झटकला.

माझं फाटक तेव्हा कुरकुरायला लागलं होतं. तिथपर्यंत गेल्यावर त्यानं काठी फाटकाच्या खांबाला लावली आणि सवयीनं त्याचा हात वरच्या खिशात गेला. कुप्पी काढली, बिजागर चाचपून शोधली, चोच लावली. मग थांबला. कुप्पी परत खिशात ठेवली.

"तुह्यं वाजू दे गा," तो म्हणाला. "तुह्याकडे येणारं माणूस हाये."

तेवढ्यात सुगंधा बाजारातून आली, डोक्यावर टोपली, हातात कोथिंबीर. साहेबानं तिच्यासाठी फाटक उघडून धरलं. ते कुरकुरलं. ती आत आली, त्यानं सोडलं, ते पुन्हा कुरकुरून बंद झालं. साहेब फाटकाबाहेर मान तिरपी करून उभा राहिला, आवाज पुरता संपेपर्यंत. मग काठी शोधली आणि गेला.